परतीच्या पावसाचा अंदाज कसा वाचावा: घाटमाथा आणि देशावरचा सप्टेंबर-ऑक्टोबर

प्रश्न थोडक्यात असा आहे: सप्टेंबरचा शेवटचा आठवडा ते ऑक्टोबरचा मध्य या काळात सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर आणि त्याच्या पूर्वेच्या सपाट पट्ट्यात हवामान कसं असतं? बार्शीकडे सोयाबीन काढायचं आहे, मध्येच एका शनिवार-रविवारी घाटात जायचं आहे, आणि मोबाइलवरचं अ‍ॅप तर रोज दुपारी ढग आणि वीज दाखवतं. त्यावर भरवसा ठेवायचा का?

अ‍ॅप खोटं बोलत नाही, पण त्याला नीट सांगताही येत नाही. जुलैत अंदाज ज्या सवयीने आपण वाचतो ती सवय सप्टेंबरच्या मध्यानंतर सोडावी लागते. जुलैत पावसाची जागा डोंगर ठरवतो. परतीच्या दिवसांत ती ठरते दोन-तीन किलोमीटर उंचीवरच्या वाऱ्याच्या दिशेने आणि दुपारच्या उन्हाने. त्यामुळे 'उद्या पाऊस आहे का' यापेक्षा 'उद्या वारा कुठून आणि ढग किती वाजता चढणार' हे विचारलं तर कामाचं उत्तर मिळतं.

आधी डोंगराचं गणित. जून ते ऑगस्ट अरबी समुद्रावरून येणारा पश्चिमेचा दमट वारा सह्याद्रीवर आदळतो, वर चढतो आणि घाटमाथ्यावर रिकामा होतो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस होतो. वीस किलोमीटरच्या आत असलेल्या पाचगणीला त्याच्या जेमतेम एक-तृतीयांश, आणि खाली वाईला आणखी कितीतरी कमी. पुढे माण-खटाव, सांगोला, जत हा पर्जन्यछायेचा भाग. हवामान खात्याच्या 'मध्य महाराष्ट्र' या उपविभागाची हंगामी सरासरी साधारण ७५० मिमी आहे, पण तिच्यात महाबळेश्वरही येतं आणि म्हसवडही. म्हणून 'मध्य महाराष्ट्रात सरासरीपेक्षा जास्त पाऊस' या वाक्यावरून बार्शीच्या शेताबद्दल काही ठरवू नका.

सप्टेंबरच्या उत्तरार्धात हा पश्चिमेचा वारा लुळा पडतो. बंगालच्या उपसागरावरून पूर्वेचा, आग्नेयेचा दमट वारा महाराष्ट्राच्या आतपर्यंत येऊ लागतो. आकाश सकाळी मोकळं असतं, जमीन भिजलेली असते, ऊन कडक पडतं. ओलावा आणि उष्णता एकत्र आली की दुपारी ढग उभे वाढतात. सोलापूर, अहिल्यानगर या पट्ट्यात वर्षातला सर्वांत जास्त पावसाचा महिना सप्टेंबर आहे तो याच कारणाने. जुलैत ज्यांना डोंगर आडवा येतो त्यांना आता पूर्वेकडून पाणी मिळतं. ज्वारीच्या पट्ट्यातला शेतकरी उत्तरा आणि हस्ताच्या पावसाकडे डोळे लावून बसतो तो उगीच नाही. सूर्य उत्तरा नक्षत्रात साधारण १३ सप्टेंबरला येतो, हस्तात २७ सप्टेंबरला, चित्रा नक्षत्रात १० ऑक्टोबरच्या आसपास. नक्षत्रावरून कुठल्या दिवशी पाऊस पडेल हे कळत नाही, पण हंगामाचं पंचांग म्हणून हे टप्पे आजही बरोबर बसतात.

'मान्सून परतला' या बातमीचा अर्थ

पश्चिम राजस्थानातून माघार सुरू होण्याची सरासरी तारीख १७ सप्टेंबर आहे. २०२० साली हवामान खात्याने तारखा सुधारल्या, त्याआधी ती १ सप्टेंबर होती. मुंबईची सरासरी तारीख आता ८ ऑक्टोबर आणि संपूर्ण देशाची १५ ऑक्टोबर. माघार जाहीर करायला तीन गोष्टी पाहतात: सलग पाच दिवस पाऊस नाही, दीड किलोमीटरपर्यंतच्या थरात कमी दाबाच्या उलट, घड्याळाच्या दिशेने फिरणारं, कोरडं वारं तयार झालंय, आणि हवेतला ओलावा ठळकपणे घटलाय. दक्षिण भारतासाठी १ ऑक्टोबरनंतरच, वाऱ्याची एकूण घडी बदलल्यावर माघार धरतात.

आता यात फसगत कुठे होते ते बघा. 'मान्सूनचा परतीचा प्रवास सुरू' ही बातमी राजस्थानची असते आणि ती वाचून इथे काढणी धरली जाते. २०२५ मध्ये माघार १४ सप्टेंबरला, म्हणजे तीन दिवस लवकर सुरू झाली. त्यानंतर दहा दिवसांत सीना नदीला महापूर आला. माढा, मोहोळ, करमाळा भागातली गावं पाण्यात गेली, बीड-धाराशिवमध्ये जमिनी खरवडून निघाल्या. राजस्थानात कोरडी हवा असणं आणि मराठवाड्यात कमी दाबाचं क्षेत्र असणं यात काहीही विरोध नाही. उलट माघारीची रेषा उत्तरेत अडकून पडते तेव्हा बहुतेकदा दक्षिणेत काहीतरी शिजत असतं.

माघार जाहीर झाल्यावरही दक्षिण महाराष्ट्र मोकळा होत नाही. तमिळनाडूचा ईशान्य मान्सून साधारण २० ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होतो आणि त्याच्या कडेचा पाऊस कोल्हापूर, सांगली, सिंधुदुर्ग, सोलापूरच्या दक्षिण भागाला नोव्हेंबरातही भिजवून जातो.

दोन प्रकारचे पाऊस, दोन वेगळी वाचनं

या महिन्यात पाऊस दोन रस्त्यांनी येतो आणि दोघांची गल्लत केली की निर्णय चुकतो.

पहिला, दुपारचा स्थानिक मेघगर्जनेचा पाऊस. दिवसाचा क्रम ठरलेला असतो. सकाळी नऊपर्यंत निरभ्र किंवा धुकं, अकराच्या सुमारास कापसासारखे सुटे ढग, दुपारी एक-दीडपासून डोंगरकडेला किंवा तापलेल्या पठारावर ढगांचे मनोरे, तीन ते आठ या वेळात गडगडाट. एक ढग तीस ते साठ मिनिटं जगतो, पण त्याच्या थंड वाऱ्याने शेजारी नवा ढग उठतो आणि अशी साखळी तीन-चार तास चालते. एका ढगाची रुंदी पाच-दहा किलोमीटर असते. वैरागला साठ मिमी आणि बार्शीत धूळ, हे अगदी शक्य आहे.

अ‍ॅप इथेच अडखळतं. अ‍ॅपमागची जागतिक संगणकी प्रारूपं, म्हणजे युरोपीय किंवा अमेरिकी जीएफएस, ९ ते १३ किलोमीटरच्या चौकटीत हिशेब करतात. २०२५ च्या मे महिन्यात सुरू झालेली आपली भारत फोरकास्ट सिस्टीम ६ किलोमीटरच्या चौकटीत करते. दहा किलोमीटरचा ढग अशा चौकटीत नीट मावत नाही, त्यामुळे प्रारूप त्याचा अंदाजपंचे ठोकताळा बांधतं आणि सगळीकडे थोडा थोडा पाऊस पसरून टाकतं. म्हणून रोज '४ मिमी, वीज' दिसतं. प्रत्यक्षात चार गावं कोरडी राहतात आणि पाचव्याचा ओढा भरतो. अशा दिवसांत अ‍ॅपवरचा मिलिमीटरचा आकडा सोडून द्या. वेळ आणि वाऱ्याची दिशा तेवढी घ्या, ती बऱ्यापैकी बरोबर असते.

दुसरा प्रकार, बंगालच्या उपसागरातलं कमी दाबाचं क्षेत्र आंध्र किंवा ओडिशाच्या किनाऱ्यावरून तेलंगण, विदर्भ-मराठवाडा असं सरकत येतं तो. हा तुरळक नसतो, रात्रीही पडतो, जिल्हेच्या जिल्हे घेतो. आणि हा ओळखता येतो, चार-पाच दिवस आधी. ऑक्टोबर २०२० चं उदाहरण घ्या. १३ तारखेला सकाळी आंध्रातल्या काकीनाड्याजवळ कमी दाबाची प्रणाली किनाऱ्यावर चढली, त्या रात्री हैदराबाद बुडालं, १४ ला सोलापूर, पंढरपूर, इंदापूर. किनाऱ्यापासून आपल्यापर्यंत चोवीस ते छत्तीस तास. २०२१ चं गुलाब चक्रीवादळ २६ सप्टेंबरला आंध्रच्या उत्तर किनाऱ्यावर आलं, २७-२८ ला मराठवाड्यात मांजराकाठ पाण्याखाली गेला, आणि त्याचाच उरलेला भाग गुजरातवरून अरबी समुद्रात उतरून 'शाहीन' झाला.

तेव्हा नियम साधा: कमी दाबाची बातमी आली की महाराष्ट्राचा नकाशा न बघता किनारा बघा. केंद्र काकीनाडा-विशाखापट्टणमच्या पट्ट्यात चढणार असेल तर सोलापूर-मराठवाड्याने काढणी थांबवायची. गोपाळपूर-पुरीकडे चढून छत्तीसगड-मध्य प्रदेशाकडे जाणार असेल तर विदर्भाला मुख्य फटका आणि देशावर तुलनेने कमी. मान्सूनच्या काळात सर्वांत जोरदार पाऊस केंद्राच्या नैऋत्येला पडतो, म्हणून केंद्र विदर्भावर असताना मराठवाडा भिजतो. याच वेळी केंद्राच्या दक्षिणेकडून पश्चिमेचा वारा ओढला जातो आणि घाटमाथा दोन-तीन दिवस पुन्हा जुलैसारखा वागतो: ताम्हिणी, लोणावळा, महाबळेश्वर, गगनबावडा इथे संततधार, धुकं, दृश्यता पन्नास मीटर. सहलीचा शनिवार अशात आला तर पुढे ढकला.

घाटाकडचे ढग कुठे जातात

पश्चिमेचा वारा असताना घाटावर तयार झालेला ढग पूर्वेला, म्हणजे मावळ-मुळशीकडून पुण्याकडे सरकतो आणि विरळ होतो. पूर्वेचा वारा लागला की चित्र उलटतं. दुपारी समुद्राकडचा वारा कोकणातून वर येतो, देशावरचा पूर्वेचा वारा त्याला घाटाच्या कडेवर भेटतो, आणि ढग नेमका माथ्यावर उभा राहतो. मग वरचा वारा त्याला पश्चिमेला ढकलतो. संध्याकाळी सहा ते नऊमध्ये कर्जत, बदलापूर, कल्याण, पनवेल भागात कडकडाट होतो तो बहुतेक वेळा माथ्यावर जन्मलेल्या ढगांचा.

ही दिशा बघायला विंडीसारख्या संकेतस्थळावर ७०० हेक्टोपास्कलचा, म्हणजे साधारण तीन किलोमीटर उंचीचा वारा निवडा. जमिनीजवळचा वारा या कामी निरुपयोगी आहे. पूर्वेचा वारा २५-३० किमी वेगाने असेल तर ढग सरकता असतो, पाऊस अर्ध्या-पाऊण तासात पुढे जातो. वेग १०-१५ किमीच्या खाली असेल तर सावध राहायचं. ढग जागेवर बसतो आणि एकाच पाणलोटावर ओततो. पुण्यात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजच्या उतारांचं पाणी आणणाऱ्या आंबिल ओढ्याला जो पूर आला, तो काही तासांच्या अशा पावसाचा होता. दिवसभर पाऊस लागला नव्हता म्हणून लोक निर्धास्त होते.

ढग उठणार की नाही, हे घरबसल्या ठरवायला दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव होऊ लागतं ते, बघा. आर्द्रतेची टक्केवारी फसवते, कारण ती तापमानाबरोबर दिवसभर हलते. पुण्या-साताऱ्याच्या उंचीवर दुपारचा दवबिंदू २० अंशांच्या वर असेल तर दारूगोळा भरलेला आहे असं समजा. १८ च्या आसपास असेल तर एखादा ढग गडगडेल, पाऊस नावापुरता. सलग तीन दिवस १६ च्या खाली राहिला आणि वारा ईशान्येचा झाला, तर तुमच्यापुरता मान्सून गेला; सरकारी घोषणा दोन दिवसांनी येईल. सकाळी आठ-नऊला मधल्या उंचीवर बुरुजांसारखे डोके काढलेले छोटे ढग दिसले, तर दुपारी वीज होण्याची शक्यता बरीच वाढते. उलट सकाळचं धुकं किंवा सखल ढग अकरापर्यंत हटले नाहीत तर जमीन तापायला उशीर होतो आणि पाऊस संध्याकाळवर ढकलला जातो किंवा टळतो.

बुलेटिनची भाषा

हवामान खात्याच्या अंदाजात शब्दांना आकडे जोडलेले आहेत. 'तुरळक ठिकाणी' म्हणजे त्या भागातल्या एक-चतुर्थांशापर्यंत केंद्रांवर, 'काही ठिकाणी' म्हणजे निम्म्यापर्यंत, 'अनेक ठिकाणी' म्हणजे तीन-चतुर्थांशापर्यंत, त्यापुढे 'बहुतांश ठिकाणी'. 'जोरदार' किंवा 'मुसळधार' म्हणजे चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिमी, 'अति' लागलं की २०४.४ मिमीपर्यंत, 'अत्यंत' लागलं की त्याच्या पुढे. परतीच्या काळातलं नेहमीचं वाक्य 'तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह जोरदार पाऊस' असं असतं. त्याचा अर्थ तुमच्याकडे पाऊस न होण्याचीच शक्यता जास्त, पण झाला तर दणकून. पिवळा इशारा हलका समजून सोडू नका. जुलैतला पिवळा आणि ऑक्टोबरातला पिवळा यांत फरक आहे, कारण दुसऱ्यात वीज असते.

पावसाची नोंद सकाळी साडेआठ ते साडेआठ होते आणि ती दुसऱ्या दिवसाच्या तारखेला लिहिली जाते. ९ ऑक्टोबरच्या संध्याकाळचा पाऊस १० तारखेच्या रकान्यात दिसेल. विम्याच्या किंवा पंचनाम्याच्या कागदात या एका गोष्टीने वाद होतात.

कोणता अंदाज कशासाठी वापरायचा हेही बघा. दर गुरुवारी खातं चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज काढतं. त्यातले पहिले दोन आठवडे उपयोगी, पुढचे दोन केवळ कल म्हणून. मंगळवारी आणि शुक्रवारी जिल्ह्याचा कृषी सल्ला येतो, पाच दिवसांचा. तासांच्या निर्णयासाठी तीन तासांचा तातडीचा इशारा असतो, तो 'सचेत' किंवा 'मौसम' अ‍ॅपवर मिळतो. विजेसाठी पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं 'दामिनी', ते तुमच्याभोवती २० आणि ४० किमीच्या वर्तुळात पडणारी वीज दाखवतं. रडारबद्दल एक सूचना: मुंबईच्या रडारपासून बार्शी तीनशे किलोमीटरहून दूर आहे आणि मध्ये सह्याद्री आहे. त्या चित्रात सोलापूरकडे काही दिसत नाही म्हणजे आकाश मोकळं आहे असं नव्हे. तिथे इन्सॅटचं उपग्रहचित्र बघा. ढगाचा माथा झपाट्याने पांढराशुभ्र होत पसरत असेल तर तो वाढतोय. कडा फाटल्या की ओसरतोय.

आणि ज्या संदेशांत महिनाभर आधी '४ ते ७ तारखेला तुमच्या तालुक्यात पाऊस' असं ठामपणे लिहिलेलं असतं ते वाचायचं कष्ट घेऊ नका. परतीच्या काळात कुठे ना कुठे पाऊस होतोच, म्हणून असा अंदाज कुणाचा ना कुणाचा खरा ठरतो.

सोयाबीन, ज्वारी, भात, द्राक्ष

सोयाबीनच्या ९० ते ९५ टक्के शेंगा तपकिरी झाल्या की काढणीला आलं. उभ्या पिकात पाऊस झाला तर दाणा शेंगेतच फुगतो, दोन-तीन दिवस ढगाळ राहिलं तर कोंब येतात. ऊन पडलं तर शेंगा तडकतात. म्हणजे थांबण्यातही नुकसान आहे. हिशेब असा लावा: कमी दाबाची चाहूल नसेल आणि फक्त दुपारचा स्थानिक पाऊस असेल तर थांबू नका. सकाळी दव उडाल्यावर, साधारण नऊनंतर कापणी सुरू करा आणि त्या दिवशी दोन वाजेपर्यंत गोळा करून झाकता येईल तेवढंच कापा. सगळं रान एकदम आडवं करून ठेवणं, ही या महिन्यातली सर्वांत महागडी चूक. मजूर मिळालेत म्हणून चार एकर कापले आणि ताडपत्री एकाच एकराची, असं होतं.

ढीग उंचवट्यावर घाला, भोवती वीतभर खोल चर काढा, कारण वरून झाकलेला ढीग खालून भिजतो. कापलेलं ओलं असताना ताडपत्री घट्ट ओढून दोन दिवस ठेवलं तर आत वाफ धरते आणि बुरशी येते. पाऊस उघडला की लगेच उघडा करा. मळणीला दाण्यात १३-१४ टक्के ओलावा असावा, साठवायला आणि हमीभावाने विकायला १२ च्या आत. बियाण्यासाठी ठेवायचं असेल तर मळणीयंत्र मिनिटाला ४०० फेऱ्यांच्या पुढे नेऊ नका, डाळ होते आणि उगवण जाते. कमी दाब किनाऱ्यावर चढायला तीन दिवस असतील आणि पीक तयार असेल तर मात्र हार्वेस्टर लावून मोकळे व्हा, भाड्याचा विचार करू नका.

रब्बी ज्वारीला हाच पाऊस हवा असतो. पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर. मध्यम जमिनीत आधी, भारी काळ्या जमिनीत ऑक्टोबरात. १५ सप्टेंबरच्या आधी पेरली तर खोडमाशीने कोवळा पोंगा मरण्याचं, म्हणजे पोंगेमरीचं, प्रमाण वाढतं. भारी जमिनीत २५-३० मिमी पाऊस झाला तर वापसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, यायला तीन-चार दिवस लागतात, पन्नासच्या वर गेला तर आठवडा. म्हणून पुढच्या पाच दिवसांत मोठा पाऊस दिसत असेल तर आधी पेरायची घाई नको. पेरलेल्यावर दणका बसला की काळ्या जमिनीला पापडी धरते आणि कोंब वर येत नाही. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरी चार हजार लिटर पाणी, त्यावरून ओलीचा अंदाज करता येतो. पण दुपारच्या मुसळधारेतलं बरंच पाणी वाहून जातं, पन्नास मिमी तासाभरात पडले तर जमिनीत पन्नास मुरले असं धरू नका.

मावळ, मुळशी, भोर, वेल्ह्याकडचे हळवे, म्हणजे लवकर पिकणारे, भात याच दिवसांत काढणीला येतात. कापलेला भात शेतात दोन-तीन दिवस वाळवावा लागतो, तेव्हा तीन कोरड्या दुपारा सलग मिळाल्याशिवाय विळा लावू नये. घाटाच्या पूर्व पायथ्याशी स्थानिक ढग सर्वांत आधी, एक-दीडलाच उठतात, हे लक्षात ठेवा.

द्राक्षाचं दुखणं वेगळं. ऑक्टोबर छाटणीनंतर बारा-पंधरा दिवसांनी पोंगा अवस्था, म्हणजे कोवळी फूट, येते, पस्तीस-चाळीस दिवसांनी फुलोरा. या दोन खिडक्यांत पाऊस किंवा पहाटेचं जड दव आलं की डाऊनी हा बुरशीचा रोग, गळ आणि कूज. सगळी बाग एका आठवड्यात छाटण्यापेक्षा दहा-दहा दिवसांच्या अंतराने टप्प्यांत छाटली तर एका पावसाने सगळी अडकत नाही.

घाटात जायचं तर

सकाळी सहाला चढाई सुरू, दुपारी एकच्या आत माथा सोडायचा. बाकी सगळं याच्या खालचं. विजेचा लखलखाट आणि आवाज यांत तीन सेकंद गेले तर वीज एक किलोमीटरवर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर ती दहा किलोमीटरच्या टप्प्यात आहे, तेव्हाच उघडी सोंड, पठार, बुरुज सोडा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. कळसूबाईच्या शिड्यांसारख्या लोखंडी शिड्या, रेलिंग, एकटं झाड, कड्याच्या तोंडाची उथळ कपार, या चार जागा टाळा. गाडी बंद काचांसह चांगला आडोसा आहे.

तापमानाचं म्हणाल तर उंचीच्या दर किलोमीटरला साधारण साडेसहा अंश उतरतात. पुणं ५६० मीटरवर, कळसूबाई १,६४६ वर. पुण्यात ३० असेल तर माथ्यावर तेवीस-चोवीस, पण भिजलेल्या कपड्यांवर वारा लागला की अंगात थंडी भरते. एक कोरडा जोड प्लास्टिकच्या पिशवीत असूद्या. याच दिवसांत खालचा प्रवास घामाघूम करतो: पाऊस थांबलेला, वारा पडलेला, मुंबईत पारा ३४-३५, रात्रही दमट. देशावर मात्र ऑक्टोबर सरकेल तशी पहाट गार होते, पुण्यात १८-१९ पर्यंत. नदीखोऱ्यांत सकाळी धुकं दाटतं. कास किंवा भीमाशंकरकडे गाडीने जाणाऱ्यांनी पहाटेची घाई करू नये, सूर्य वर आल्यावर तासा-दीड तासात धुकं उठतं.

ओढे ओलांडताना वरच्या डोंगरावर काय चाललंय ते बघा, आपल्या डोक्यावर ऊन असलं तरी. पाणी गढूळ झालं, काड्या-पाला वाहून येऊ लागला, तर पाच मिनिटंही थांबू नका, ज्या काठावर आहात तिथूनच उंच जागी सरका.

पाऊस उघडल्यावरची नदी

सपाट भागातल्या लोकांना सप्टेंबरअखेर पूर येतो तो बऱ्याचदा तिथल्या पावसाचा नसतो. धरणं काठोकाठ असतात, जमीन पाणी पिणं थांबवते, आणि घाटात पडलेला पाऊस थेट दरवाज्यांवर येतो. खडकवासल्याची साठवण दोन टीएमसीपेक्षा (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) किंचित कमी. ते ९० टक्के भरलेलं असताना वीस हजार क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट, आवक झाली तर उरलेली जागा पावणेतीन तासांत संपते. सोडल्याशिवाय गत्यंतर नसतं. एक टीएमसी म्हणजे ११,५७४ क्युसेकचा विसर्ग दिवसभर, एवढा आकडा डोक्यात ठेवला की जलसंपदा विभागाचे विसर्गाचे आकडे वाचता येतात. मुठेचं पाणी भीमेतून उजनीत जातं, उजनीचं पंढरपूरला. भीमाकाठच्या शेतात पंप, पाइप, कडबा असेल तर पुण्या-मावळातला पाऊस आणि उजनीचा विसर्ग हे दोन आकडे रोज बघा, आणि उजनीतून विसर्ग वाढवल्याचा निरोप आला की त्याच दिवशी मोटार वर काढा.

तुमच्या प्रश्नापुरतं: बार्शीची काढणी किनाऱ्यावर कमी दाब आहे की नाही एवढ्यावरून ठरवा, शुक्रवारच्या कृषी सल्ल्यानंतर. घाटाचा शनिवार ७०० हेक्टोपास्कलच्या वाऱ्यावरून, शुक्रवारी रात्री. वारा पूर्वेचा आणि मध्यम वेगाचा असेल तर पहाटे निघून एकपर्यंत परत फिरा. पश्चिमेचा आणि ढग सखल असतील तर घाट दिसणारच नाही, त्या दिवशी सोयाबीन कोरडं असेल तर तेच झाकायला जा.